चौकट, फुगा आणि मोजपट्टी



पत्रिकेवरचा विषय वाचून आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी काल मला अडवलं. म्हणाले, "सर, आयुष्यभर कांट आणि शंकराचार्य शिकवले, आणि आता या वयात कॉमिक्स?" (हशा) मी त्यांना म्हणलं, या वयात तरी काहीतरी समजेल असं बोलावं म्हणतो. पण खरं कारण वेगळं आहे. माझ्या हातून एक चूक झाली होती, तिच्यापासनंच सुरुवात करतो.

सहा-सात वर्षांखाली एक मुलगा माझ्याकडं आला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, जवळच्याच एका गावातल्या बौद्धवाड्यातला. गावाचं आणि त्याचं नाव सांगत नाही. त्याच्या पिशवीत ड्रॉइंग शीटचे सोळा कागद होते. आजीनं सांगितलेली १९७८ सालची हकीकत त्यानं चित्रकथेत मांडली होती. तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षी २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि पुढच्या काही दिवसांत आपल्या भागातल्या गावोगाव दलितांची घरं जळाली. त्यात त्याच्या आजीचंही घर होतं.

मी पानं उलटली. "वा, उत्तम, फार छान, असंच काढत राहा," असं म्हणलं आणि चहा पाजला. मुलगा गप्प बसला. कपबशी खाली ठेवून म्हणाला, "सर, तिसऱ्या पानावरची आजी आणि नवव्या पानावरची आजी, एकच बाई वाटती का तुम्हाला?" मी पुन्हा बघितलं. नव्हती वाटत. नाक वेगळं, कपाळ वेगळं, एका पानावर लुगडं नऊवारी तर दुसऱ्यावर पाचवारी. तो म्हणाला, "तुम्ही बघितलंच न्हाई सर. आमचं हाय म्हणून छान म्हणलात."

रागानं नाही म्हणाला, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. मी ज्या घरात जन्मलो त्या घराला कधी कुणाकडं पाणी मागावं लागलं नाही. त्या मुलाचं दुःख ऐकून मला वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की माणूस परीक्षा घ्यायची सोडून देतो. एक दार तोंडावर बंद होतं, ते आपल्याला दिसतं. दुसरं दार परीक्षाच न घेता उघडलं जातं. "तू आत ये, तुझ्याकडनं आमची फारशी अपेक्षा नाही," असं म्हणणारं. ते मी उघडलं होतं. दोन्ही दारांचा मालक एकच असतो.

आता 'उत्तम' या शब्दाकडं थोडं बघू. तत्त्वज्ञानाचा माणूस आहे, शब्द कुरतडल्याशिवाय मला राहवत नाही. मराठीत 'श्रेष्ठ' म्हणलं की लगेच 'कनिष्ठ' उभा राहतो, म्हणजे तो शब्द उतरंडीचाच. 'उत्कृष्ट' मात्र मला आवडतो. त्यातला धातू 'कृष्', ओढणे. 'कृषी' त्याच घरची. उत्कृष्ट म्हणजे वर ओढलेलं. म्हणजे त्यात कष्ट गृहीत आहेत, जन्म गृहीत नाही. ग्रीक भाषेत 'अरेते' असा शब्द आहे. ॲरिस्टॉटलच्या विचारात त्याचा अर्थ असा, की ज्या वस्तूचं जे काम, ते तिनं नीट करावं. सुरीचं अरेते म्हणजे नीट कापणं, डोळ्याचं म्हणजे नीट दिसणं. छान आहे ना? पण याच ॲरिस्टॉटलनं काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात असंही लिहून ठेवलं. मोजपट्टी करणारा पट्टी तर करतो, आणि मग ठरवतो की काही माणसांना ती लावायचीच नाही. आपल्याकडं हे समजवायला ग्रीसला जायची गरज नाही.

अमेरिकेतल्या काळ्या घरांत पोरांना एक गोष्ट बजावून सांगतात, की तुला दुप्पट चांगलं व्हावं लागेल तेव्हा कुठं अर्धं मिळेल. खरी गोष्ट आहे आणि अन्यायाची आहे. ड्यू बॉइस या थोर विचारवंतानं १९०३ मध्ये लिहिलं, की अशा माणसाला स्वतःकडं सतत दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघण्याची सवय लागते. या ड्यू बॉइसना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र पाठवलं होतं. काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडं केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. तेव्हा हा धागा मी आज ओढूनताणून जोडत नाही, तो जोडलेलाच आहे.

पण विचार वेगळा आणि छापखाना वेगळा. कॉमिक्स छापायला कागद लागतो, शाई लागते, विकणारा लागतो. १९४७ चा जून महिना घ्या. आपल्याकडं दिल्लीत स्वातंत्र्याची तयारी चाललेली, आणि इथं मुरुडला अजून निजामाचं राज्य. त्या महिन्यात अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात ओरिन इव्हान्स नावाच्या काळ्या पत्रकारानं 'ऑल-निग्रो कॉमिक्स' नावाचा अंक काढला. पात्रं काळी, लिहिणारे आणि चित्रं काढणारेही काळे. एक गुप्तहेर, एक तरुण शास्त्रज्ञ, लहान मुलांसाठी दोन गोंडस पोरं. बाकी कॉमिक्स दहा सेंटला मिळायची, त्यानं पंधरा ठेवले. दुसऱ्या अंकाची तयारी झाली आणि त्याला कागदच मिळेना. जो कागद विकायचा त्यानं विकायचं बंद केलं. दुसरा अंक निघाला नाही.

हे वाचताना मला आपला १९२० चा 'मूकनायक' आठवला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली आणि ३१ जानेवारीला पहिला अंक निघाला. त्याची साधी जाहिरात, तीही पैसे घेऊन, छापायला 'केसरी' तयार झाला नाही, असं बाबासाहेबांनीच पुढं लिहिलंय. नंतर १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' काढला तेव्हा मजकुराचा बहुतेक भार ते एकटेच वाहत होते. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या असलेला माणूस रात्री बसून रकाने भरतोय. मला विचाराल तर स्वतंत्र प्रकाशनाचं खरं चित्र हेच. सगळी कामं एकाच माणसाच्या अंगावर, आणि तरीही एकही वाक्य ढिलं नाही.

पुढं अमेरिकेत दोन वाटा निघाल्या, आणि त्या समजून घेण्यासारख्या आहेत. १९९० मध्ये सिम्स नावाच्या भावांनी 'ब्रदरमॅन' सुरू केलं. एक लिहिणारा, एक चित्रं काढणारा. नायक सरकारी वकील, अंगात कुठलीही दैवी शक्ती नाही. हे त्यांनी मोठ्या वितरकांच्या भरवशावर न ठेवता काळ्यांची पुस्तकांची दुकानं, काळ्यांच्या जत्रा-प्रदर्शनं अशा ठिकाणी हातानं विकलं. दुसरी वाट १९९३ ची, 'माइलस्टोन'. ड्वेन मॅकडफी आणि त्याच्या मित्रांनी पात्रांची मालकी आणि संपादनाचा शेवटचा शब्द स्वतःकडं ठेवला, पण छपाई आणि वितरण 'डीसी' या बड्या कंपनीकडं दिलं. चार वर्षांनी त्यांची मासिकं बंद पडली, पण पात्रं त्यांचीच राहिली. यातली कुठली वाट बरोबर हे मी सांगणार नाही, कारण दोन्हींत काहीतरी सोडावं लागतं. पहिलीत पोहोच कमी, दुसरीत किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

आपल्याकडं पहिल्या वाटेची ओळख आहेच. सहा डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला दीक्षाभूमीवर गेला असाल तर तुम्ही ती बघितली आहे. प्लास्टिकच्या कागदावर मांडलेली पातळ पुस्तकं, कॅलेंडरं, तसबिरी, गाण्यांच्या वह्या. मोठ्या दुकानांत ज्यांना जागा नाही, ते लेखक तिथं विकले जातात. पुण्या-मुंबईच्या साहित्यिकांनी हे बाजार कधी नीट मोजले नाहीत, हे माझं स्पष्ट मत आहे.

आणि काळ्यांच्या साहित्याची ओळख व्हायला आपल्याला इंटरनेटची वाट बघावी लागली नाही बरं का. डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि औरंगाबादच्या मिलिंद परिसरात त्यांनी निग्रो साहित्याची चर्चा सुरू केली. गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' काढलं आणि २०१८ मध्ये जाईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं, ते चालवलं. १९७२ मध्ये मुंबईत पोरांनी संघटना काढली आणि नाव घेतलं 'दलित पँथर', ते अमेरिकेतल्या 'ब्लॅक पँथर'वरनं. आणि आपल्या लातूरला जनार्दन वाघमारे सरांनी अमेरिकन निग्रोंच्या साहित्यावर आणि संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. पण या सगळ्यांत एक गोष्ट राहून गेली. कविता आली, आत्मकथन आलं, चित्र मात्र मागं राहिलं. 'ब्लॅक पँथर'च्या वृत्तपत्रात एमरी डग्लस हा चित्रकार पानभर चित्रं काढत होता, त्या पेपरची ओळखच त्याच्या रेषेनं झाली. आपल्याकडं चळवळीनं कवी घडवले तसे चित्रकथाकार घडवले नाहीत. का, याचं एक साधं कारण म्हणजे खर्च. कवितेला कागद आणि पेन पुरतं.

दुसरं कारण असं, की चित्रकथा म्हणजे पोरखेळ असा आपला समज. पण महात्मा फुल्यांची १८७३ ची 'गुलामगिरी' उघडून बघा. ती अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या माणसांना अर्पण केलेली आहे, आणि आत जोतीराव आणि धोंडिबा यांचा संवाद आहे. एक विचारतो, दुसरा सांगतो. फुगे काढले की झालीच चित्रकथा! (हशा) २०११ मध्ये श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता नैनन यांनी खरंच 'गुलामगिरी'वर काळ्या-पांढऱ्या चित्रांचं पुस्तक केलं, इंग्रजीत.

त्याच वर्षी त्याच 'नवयान' या छोट्या प्रकाशनाकडून 'भीमायन' आलं. त्यावर जरा थांबतो, कारण आजच्या विषयाचं मर्म मला त्यात सापडलं. बाबासाहेबांवर १९७९ मध्ये 'अमर चित्रकथे'चा अंक निघाला होता. मी त्याला नावं ठेवत नाही, माझ्या मुलीनं बाबासाहेब पहिल्यांदा तिथंच पाहिले. पण त्यात राम, शिवाजी आणि बाबासाहेब एकाच साच्यात बसतात. 'भीमायन'ची चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्यानं काढली. पाणी, निवारा आणि प्रवास असे त्याचे तीन भाग. लहानपणीचा गोरेगावचा प्रवास, बडोद्याला राहायला जागा न मिळणं, १९३४ मध्ये आपल्या दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्यावरनं झालेला अपमान, हे सगळं त्यात आहे.

व्याम दांपत्याला आधी नेहमीची कॉमिक्स दाखवण्यात आली. ते म्हणाले, आम्ही आमच्या माणसांना चौकटीत कोंबणार नाही, तिथं श्वास कोंडतो. मग त्यांनी पान मोकळं ठेवलं आणि भाग पाडायला भिंतीवर काढायची आपली नक्षी वापरली. रेल्वे सापासारखी वळते. आणि फुगे बघा. जो माणूस जिव्हाळ्याचं बोलतो त्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. ज्याच्या तोंडातनं जातीचं विष येतं त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. वाचता न येणाऱ्या माणसालाही कळतं कोण कसं बोलतंय! उत्कृष्टता मी याला म्हणतो. त्यांनी न्यूयॉर्कची पट्टी घेऊन स्वतःला मोजलं नाही, आणि पट्टी फेकून देऊन "आमचं आहे ते गोड मानून घ्या" असंही म्हणलं नाही. जे सांगायचं ते नीट पोचतंय का, ही पट्टी त्यांनी स्वतः केली आणि ती कडक ठेवली.

हे सगळं मी त्या मुलाला एकदम सांगितलं नाही, मलाही तेव्हा माहीत नव्हतं. आम्ही दोघं शिकत गेलो. त्याच्या कागदांवर बसलो तेव्हा कळलं की देवनागरीत फुगा भरणं किती अवघड काम आहे. इंग्रजी कॉमिक्समध्ये सगळी अक्षरं मोठ्या लिपीत, एका उंचीची. आपल्याकडं वर वेलांटी, खाली उकार. दोन ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. म्हणजे त्याच फुग्यात शब्द कमी बसतात, म्हणजे संवाद कमी शब्दांत लिहावे लागतात. त्यानं आजीचं एक लांबलचक वाक्य अकरा वेळा लिहिलं आणि शेवटी तीन शब्दांवर आणलं. आणखी एक, जो आधी बोलतो तो डावीकडं हवा, नाहीतर उत्तर आधी वाचलं जातं आणि प्रश्न नंतर.

आणि दोन चौकटींच्या मधली ती कोरी पट्टी! तिथं काहीच काढलेलं नसतं आणि सगळं तिथंच घडतं. एका चौकटीत काडी पेटलेली, पुढच्यात राख. मधलं घर वाचकाच्या मनात जळतं. त्यानं पहिल्या खेपेला आगीची चार पानं काढली होती, अमेरिकी सिनेमासारखी, आणि आजी विळा घेऊन धावतीय, दंड फुगलेले. मी विचारलं, "आजी अशी धावली होती का?" तो गप्प. मग म्हणाला, "न्हाई सर. ती खाली बसली आणि शेळीचं दावं सोडत हुती."

म्हणलं, मग ते काढ.

लँग्स्टन ह्यूज या काळ्या कवीनं १९२६ मध्ये एक निबंध लिहिला. त्याचा आशय असा, की गोऱ्यांना आमचं आवडलं तर बरं, नाही आवडलं तरी बिघडत नाही, आणि आमच्याच लोकांना आवडलं नाही तरीही बिघडत नाही. यातला शेवटचा भाग पचायला फार जड. त्या मुलाच्या वस्तीतल्या पोरांनी विळ्याचं चित्र डोक्यावर घेतलं होतं. ते काढून टाकल्यावर त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. "आमच्या आज्या भित्र्या हुत्या का?" असं त्याला विचारलं. दुसऱ्या बाजूनं एका प्रकाशकानं पानं बघून सांगितलं, शेवट जरा आशादायक करा, गावकरी मदतीला येतात असं दाखवा, मग छापू. गावकरी आले नव्हते. मुलानं दोघांचंही ऐकलं नाही. त्याच वर्षी ड्यू बॉइसनं याच्या उलट मांडणी केली होती, की कला ही प्रचार असलीच पाहिजे. मी वर्गात हा वाद वर्षानुवर्षं रंगवून शिकवू शकलो असतो. त्या मुलाला तो आपल्याच वस्तीत भोगावा लागला.

तीन वर्षं गेली. आजीचा चेहरा पक्का व्हावा म्हणून त्यानं तिची दीड-दोनशे चित्रं काढली असतील, भाकरी थापताना, झोपलेली, चिडलेली. मध्येच म्हातारी म्हणाली म्हणे, "मेल्यावर काढ की, हलणार न्हाई मी." (हशा) सोळा पानांची चोवीस झाली, मग पुन्हा सोळा, कारण छापखान्यात सोळा पानांचा हिशेब स्वस्तात बसतो. शिकवण्या घेऊन पैसे साठवले आणि लातूरला तीनशे प्रती छापल्या, एका रंगात, मध्ये पिना मारून. मी पैसे देऊ केले होते. त्यानं घेतले नाहीत. दहा प्रती विकत घ्या म्हणाला, त्या घेतल्या.

सहा डिसेंबरला तो रात्रीच्या रेल्वेनं मुंबईला गेला आणि शिवाजी पार्कजवळ फुटपाथवर मांडून बसला. किंमत चाळीस रुपये. पहिल्या दिवशी किती गेल्या ते त्यानं मला सांगितलं नाही, म्हणजे फार गेल्या नसाव्यात. पण एक प्रसंग सांगितला. विदर्भाकडची एक म्हातारी बाई समोर बसली. वाचता येत नव्हतं. तिनं एकेक पान चित्र बघत उलटलं. शेळीच्या पानावर थांबली. त्या पानावर चार चौकटी आहेत, चारींत नुसते हात आणि दाव्याची गाठ. तिनं गाठीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कवाचं?" हा म्हणाला, "श्रावणातलं, मावशी." ती म्हणाली, "मंग दावं वल्लं असंल. वल्ली गाठ अशी सुटत न्हाई. दातानं सोडावी लागती."

त्यानं आजीला फोन लावला. आजी म्हणाली, हो, दातानंच सोडली होती. इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही म्हणून सांगितलं नाही.

दुसरी आवृत्ती गेल्या वर्षी निघाली. त्यात ती तिसरी चौकट बदलली आहे. पुस्तक मी सोबत आणलंय, व्याख्यानानंतर इथं टेबलावर ठेवतो. हात धुवून बघा, एका रंगाची छपाई आहे, डाग लगेच दिसतो.